गोल्फच्या फटक्यात जोर येतो कुठून?

गोल्फच्या चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, आणि क्लबचे डोके त्याला टेकते ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. एवढ्या वेळात दंडाच्या ताकदीला काही करायला वावच नसतो. त्याआधीच्या साधारण पाव सेकंदात क्लब वरून खाली येतो, तेवढ्यात त्याने जो वेग घेतला असेल त्यावरच चेंडूचा वेग ठरतो. त्यामुळे लांब फटक्यासाठी ताकदीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, हालचालींचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

हा क्रम पायांपासून सुरू होतो. उजव्या हाताने खेळणारा बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, शरीराचा भार उजव्या पायावर घेतो. खांदे भरपूर वळतात, कंबर त्यामानाने कमी, म्हणून धडाला पीळ बसतो. खाली येताना आधी भार डाव्या पायावर येतो, मग कंबर उलगडते, तिच्यामागून छाती आणि खांदे, नंतर हात आणि सगळ्यांत शेवटी क्लब. ज्वारीच्या माळ्यावर उभा राहून गोफण मारणारा राखणदार हेच करतो. त्याची मूठ फार जोरात फिरताना दिसत नाही. दोरीच्या टोकाचा दगड मात्र सणसणत सुटतो. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात स्विंगचे वर्णन असेच दुहेरी लंबकासारखे केले: एक लंबक हातांचा, दुसरा क्लबचा, आणि मधली बिजागरी मनगटांची.

अमेरिकेचा बेन होगन अंगाने लहानखुरा होता, तरी त्याचे फटके लांब जात. डाउनस्विंगची सुरुवात कंबरेपासून करावी, हे त्याने १९५७ च्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले आहे.

नवशिक्याचे चुकते ते इथेच. जोर लावायचा म्हणून तो आधी खांदा पुढे टाकतो. मग क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू बहुधा उजवीकडे वळत जातो. यालाच स्लाइस म्हणतात. दुसरी चूक मनगटे लवकर सोडण्याची. ती ओळखायला एक सोपा उपाय आहे. ड्रायव्हर हा लांब फटक्याचा क्लब उलटा धरायचा, डोक्याजवळची दांडी मुठीत घ्यायची आणि स्विंग करायचा. ‘सूं’ असा आवाज उजव्या खांद्याजवळ आला, तर वेग वाटेतच खर्च झाला. तो चेंडूच्या जागेपाशी किंवा किंचित पुढे ऐकू यायला हवा. आवळलेल्या मुठीने हे साधत नाही, कारण घट्ट पकडीत मनगटे ताठरतात. क्लब निसटणार नाही इतकीच पकड पुरे.

ड्रायव्हर मारताना चेंडू टीवर, डाव्या टाचेच्या रेषेत ठेवतात, म्हणजे क्लब किंचित वर चढत असताना तो लागतो. फटका अगदी मधोमध बसला, तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या सुमारे दीडपट होतो. कडेला बसला की लगेच घटतो. म्हणून वेग वाढवण्याआधी फटका नेमका कुठे लागतो ते पाहावे. क्लबच्या तोंडावर पावडर भुरभुरली की ठसा स्पष्ट उमटतो. तो सतत दांडीच्या बाजूला येत असेल, तर खेळाडू बहुधा चेंडूच्या फार जवळ उभा असतो. अशा वेळी वेग तोच ठेवून थोडे मागे सरकून पाहावे.