कॅमल अप : पैज लावा, पण खिशात हात घालू नका!

'लागली का पैज?' हे वाक्य कोल्हापूरच्या कट्ट्याला नवं नाही. हीच गंमत पटावर आणणारा खेळ म्हणजे 'कॅमल अप'. २०१४ साली त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला.

खेळ उंटांच्या शर्यतीचा. एक उंट दुसऱ्याच्या घरात पोचला की त्याच्या पाठीवर चढतो. खालचा हलला की वरचे फुकटात पुढे! म्हणून मागचा उंटही एका फाशात पहिला येतो.

पैज लवकर लावली तर नाणी जास्त, पण चुकायची भीतीही जास्त.

नाणी मात्र खेळातलीच ठेवा. खरे पैसे लावून अड्डा चालवला, तर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच.