राक्षसाच्या थडग्यावर रेल्वे

लानबेरिस (वेल्स) : केळझरकरांना बकासुराची ओळख करून द्यायला नको. आपलं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी आणि भीमानं त्याला इथंच लोळवलं, हे आपण सिद्धिविनायकाच्या टेकडीवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. वेल्सचाही असा एक राक्षस आहे, रीटा नावाचा. हरलेल्या राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा करायचा, हा त्याचा षोक. आर्थर राजाची दाढी मागायला गेला आणि जिवानिशी गेला. ज्या दगडांच्या राशीखाली त्याला पुरलं, ते इथलं सर्वांत उंच शिखर. इंग्रजांचं स्नोडन, वेल्श लोकांचं ‘अर विद्वा’. २०२२ साली इथल्या राष्ट्रीय उद्यानानं कारभारात वेल्श नावच वापरायचं ठरवलं.

उंची १०८५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तेव्हा आकड्यानं कुणी दबून जाऊ नये. वय मात्र दबून जाण्यासारखं आहे. केळझरचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा डोंगर ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा, आणि ते समुद्रात आणि समुद्राकाठी फुटत होते. म्हणून माथ्याजवळच्या राखेच्या थरांत शिंपल्यांचे ठसे सापडतात. आज दिसणारा आकार मात्र बर्फाचा. हिमयुगातल्या हिमनद्यांनी चहूबाजूंनी डोंगर कोरून काढला, मधे सुरीच्या पात्यासारख्या धारा उरल्या आणि खोलगट भागांत तळी साचली. माथ्याखालच्या ग्लासलिन तळ्याचं पाणी निळंहिरवं दिसतं, ते तांब्यामुळे.

त्या तांब्यासाठी एकोणिसाव्या शतकात इथं खाणी होत्या. खाणकामगारांची वाट अजून त्याच नावानं चालू आहे. खालच्या मोठ्या तळ्यातून गाड्या नेण्यासाठी १८५३ साली घातलेल्या बांधावरूनच आजही लोक चालतात, कडेला खाणीच्या पडक्या भिंती दिसतात. १८९६ मध्ये दातेरी रुळांची रेल्वे थेट माथ्यापर्यंत गेली. उद्‌घाटनाच्याच दिवशी इंजिन दातावरून सुटून दरीत कोसळलं, डब्यातून उडी मारलेला एक प्रवासी दगावला. पुढल्या वर्षी सुधारणा करून गाडी पुन्हा सुरू झाली, ती आजतागायत. माथ्यावर उपाहारगृहसुद्धा आहे. घाम गाळून पोचलेल्याच्या शेजारी इस्त्रीच्या कपड्यातला माणूस कॉफी पीत बसलेला असतो. मला त्याचा राग येतो, हे खरं.

या देशाची खरी ओळख मात्र वाटेवर होते. डोंगराचा बराच भाग मेंढपाळांच्या खासगी शेतांत मोडतो, तरी कुणाची परवानगी काढावी लागत नाही. पायवाटांची अधिकृत नकाशावर नोंद असते आणि नोंदलेली वाट मालकाला अडवता येत नाही. हा हक्क भांडून मिळालेला आहे. १९३२ साली इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या जमीनदारी माळावर मुद्दाम घुसलेल्यांपैकी पाच तरुण तुरुंगात गेले. पायवाटांचा कायदा आला १९४९ मध्ये, आणि उघड्या डोंगरमाथ्यांवर मोकळेपणी फिरण्याचा हक्क २००० मध्ये. बदल्यात चालणाऱ्याकडून एकच अपेक्षा : फाटक होतं तसं ठेवून पुढं जायचं. कुणी अडकलं तर सोडवायला येणारं बचाव पथक स्वयंसेवकांचं, आणि ते पैसे घेत नाही.

मुख्य वाटा सहा. लानबेरिसहून जाणारी सर्वांत लांब आणि सर्वांत सोपी, रुळांना धरून, थोडी कंटाळवाणी. वॉटकिन वाट १८९२ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी ८२ व्या वर्षी खुली केली. त्यांनी ज्या खडकावरून भाषण ठोकलं, तो तिथंच आहे. सर्वांत जास्त चढ याच वाटेचा. क्रिब गॉख ही धार मात्र सहांत धरू नका. दोन्हीकडे दरी, हातांनी धरत पुढं सरकायचं. वाऱ्यापावसात तिथं जीव गेलेले आहेत. ऊन बघून निघालेल्यालाही तासाभरात ढग गाठतो.

पायथ्याशी पेन-इ-ग्वरिड नावाचं जुनं हॉटेल आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या गड्यांनी याच डोंगरात सराव केला. हॉटेलच्या छतावर त्यांच्या सह्या आहेत. वर्ध्याच्या माणसानं त्या सह्या जरा जास्त निरखून पाहाव्यात. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला. त्याच्या जागी आला त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट, आणि पुढं त्याचं नाव शिखराला लागलं.

यायचंच असेल तर मे ते सप्टेंबरात या. खाणकामगारांची वाट जिथून सुरू होते, त्या पेन-इ-पासच्या वाहनतळावर जागा आगाऊ राखावी लागते, तेव्हा गाडी खाली ठेवून बस धरा. डोंगराभोवती फिरणाऱ्या या बसचं नाव ‘शेर्पा’. ती असल्यामुळे एका वाटेनं चढून दुसऱ्या वाटेनं उतरता येतं. शेवटची बस कितीची, तेवढं निघण्यापूर्वी थांब्यावर वाचून घ्या.