माळ, रान आणि जांगल : एका भूदृश्याचा वाङ्मयीन पुरावा

पर्यावरणशास्त्राचे अभ्यासक प्राचीन वाङ्मयाकडे वळतात असे क्वचितच घडते. आणि वळले तरी बहुधा निबंधाच्या आरंभी शोभेसाठी एखादी ओळ उचलून ते परत फिरतात. २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी प्रसिद्ध केलेला निबंध या रीतीला अपवाद आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळराने ही मूळचीच माळराने, की जंगलतोडीनंतर उरलेली उजाड जमीन, या वादात त्यांनी मराठीतील संतचरित्रे, कथा आणि लोकगीते यांची साक्ष काढली. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या या साहित्यातून त्यांना विशिष्ट स्थळाशी निगडित असे २८ उल्लेख मिळाले. त्यांत ४४ रानवनस्पती येतात. पैकी २७ मोकळ्या गवताळ प्रदेशाच्या निदर्शक आहेत, १४ कोठेही उगवणाऱ्या आहेत, आणि अरण्याच्या निदर्शक म्हणाव्यात अशा केवळ ३ आहेत. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख प्रामुख्याने गवताचा आणि विरळ, काटेरी झाडांचाच होता, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

या निष्कर्षाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या विरुद्ध असलेली समजूत किती खोलवर रुजलेली आहे हे पाहिले पाहिजे. दख्खनचे पठार एके काळी निबिड अरण्याने आच्छादलेले होते आणि मनुष्याने कुऱ्हाड, नांगर व गुरे यांच्या योगे ते उघडे केले, ही कथा शालेय पुस्तकांपासून शासकीय अहवालांपर्यंत सर्वत्र आढळते. सह्याद्रीच्या बाबतीत तीत तथ्य आहे. तेथे वृक्षतोड खरोखरच झाली आणि तिची कागदोपत्री नोंदही आहे. परंतु घाटमाथ्यावरचे सत्य घाट उतरून पन्नास कोस पूर्वेला तसेच्या तसे लागू करता येत नाही. वनशास्त्राने मात्र ते केले. एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केलेले आणि एस. के. सेठ यांच्या साहाय्याने १९६८ मध्ये सुधारलेले भारतीय वनांचे वर्गीकरण मुळात वृक्षांचे वर्गीकरण होते. त्यात गवताळ प्रदेशाला स्वतंत्र स्थान नव्हते. तो कुठल्या तरी वनाची ‘अवनत अवस्था’ म्हणूनच येई. दबडघाव व शंकरनारायण यांचा भारतीय गवतांवरील १९७३ चा ग्रंथ हा या विषयातला पायाभूत ग्रंथ होय. पण तोही गवताकडे वनाच्या वाटेवरचा एक मुक्काम याच दृष्टीने पाहतो. महसुली भाषेतील ‘पडीक’ हा शब्द या समजुतीला सोयीचाच होता. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले, २००० पासून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघू लागले, आणि माळाचा मोठा भाग अधिकृतपणे ‘वाया गेलेली जमीन’ ठरला.

येथे एक शब्दार्थाचा घोटाळाही कारणीभूत आहे, आणि तो भाषाभ्यासकांच्या कक्षेतला आहे. आज ‘जंगल’ म्हटले की दाट झाडी डोळ्यांपुढे येते. ज्या संस्कृत शब्दापासून तो आला त्या ‘जांगल’चा अर्थ नेमका उलट होता. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, दाट वनराजीचा प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, खैर, शमी, बोर अशा झाडांचा, आणि हरिणांचा. आयुर्वेदात जांगल मांस हलके व पथ्यकर मानले जाते, ते या मोकळ्या भूमीतल्या प्राण्यांचे म्हणून. महाभारतातील कुरुजांगल आणि राजस्थानात बिकानेरच्या परिसराला मिळालेले जांगल देश हे नाव या दोहोंत हाच अर्थ आहे. बिकानेरला कोणी निबिड अरण्य शोधायला जाणार नाही. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच विद्वानाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अर्थविपर्यासाचे सविस्तर विवेचन केले आहे. शब्द देशी भाषांतून इंग्रजीत गेला, तेथे त्याचा अर्थ पालटला, आणि पालटलेला अर्थ घेऊन तो पुन्हा स्वदेशी आला. जांगल देशात झाडी नाही याचा पुढे आपल्याला विस्मय वाटू लागला, तो असा.

मराठीने त्या मानाने आपले शब्द बरे सांभाळले. ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’पासून आला हे खरे, परंतु अरण्य या शब्दाच्याही मुळाशी झाडी नाही, वस्तीपलीकडचे, परके असा भाव आहे. मराठी शेतकरी ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो शेतावर जातो. गायरानात गायी चरतात, माळरानात मेंढ्या. माळ, बरड, कुरण, गायरान, मुरमाड या शब्दांनी मोकळ्या भूमीचे जेवढे भेद दाखवले जातात, त्या सर्वांना शासकीय अनुवादात ‘पडीक’ हा एकच शब्द पुरतो. पक्ष्यांच्या नावांतही ही जाण आहे. माळढोक हे नाव माळावाचून बनूच शकत नाही. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. म्हणजे गवतावर जगणाऱ्या पक्ष्याच्या घरालाही कायद्याने ‘अरण्य’च म्हणावे लागले!

आता हे माळ माळच का राहतात, याचा विचार करावयास हवा. या पट्ट्यात वर्षाला साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. बेसाल्ट खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी ही गवते पहिल्या पावसासरशी उठतात, तीव्र उन्हात व थोड्या पाण्यात कार्बन वेगाने बांधून घेतात, आणि मार्गशीर्षापर्यंत वाळून जातात. वाळलेले गवत चरले जाते किंवा वणव्यात जळते. दोन्ही प्रसंगी वरचा भाग जातो, मुळे राहतात. झाडाचे कोवळे रोप मात्र त्या वणव्यात टिकत नाही. पळसासारखी जाड सालीची, किंवा हिवर, बोर, तरटी यांसारखी काटेरी झाडे तेवढी तग धरतात, तीही अंतराअंतराने. अशा परिसंस्थेला ‘सॅव्हाना’ म्हणतात. गवताला पाण्याची टंचाई सोसते, जनावराचे दात सोसतात, आग सोसते. सावली मात्र सोसत नाही.

यातूनच हवामानबदलाच्या चर्चेतील एक मोठी चूक उघड होते. अरण्य आपला कार्बन बहुतांशी खोडाफांद्यांत, डोळ्यांना दिसेल असा साठवते. गवताळ प्रदेश तो मुळांत व मातीत, दृष्टीआड साठवतो. उपग्रहाच्या चित्रात पहिला हिरवा दिसतो, दुसरा वर्षातले आठ महिने पिवळा. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या निबंधाने जगात आणखी ९० कोटी हेक्टरांवर वृक्षाच्छादन शक्य असून त्यात २०५ अब्ज टन कार्बन सामावेल असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी जोसेफ वेल्डमन व इतर अनेक अभ्यासकांनी त्याच नियतकालिकात उत्तर देऊन हा अंदाज सुमारे पाचपट फुगवलेला असल्याचे दाखवले. मातीतला कार्बन हिशेबात नीट न धरणे आणि मूळच्या गवताळ प्रदेशांना ‘वृक्षारोपणास उपलब्ध’ मानणे ही त्याची मुख्य कारणे होती. भारताने त्याच वर्षी दिल्लीच्या मरुभवनविरोधी परिषदेत २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर अवनत भूमीच्या पुनरुज्जीवनाचा संकल्प जाहीर केला. संकल्प स्तुत्य, प्रश्न ‘अवनत’ कशाला म्हणायचे हा. मुरमाड माळावर चर खणले, गिरिपुष्पाची वा सुबाभळीची रोपे लावली की मातीत शतकानुशतके साठलेल्या कार्बनाचा काही अंश चरातूनच उडून जातो, सावलीखाली गवत मरते, आणि पहिल्या मोठ्या दुष्काळात रोपेही मरतात. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६०च्या दशकाच्या आरंभी वेडी बाभूळ लावली गेली. तिने तेथील कुरणांचे काय केले हे मालधारी पशुपालकांना विचारावे.

नत्र व स्फुरद यांचे चक्र तर आणखी सूक्ष्म आहे, आणि त्यात मनुष्य सामील आहे. धनगरांचे कळप पावसाळ्यात माळावर चरतात. पिके निघाल्यावर शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्रीपुरते बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य देतो. माळावरच्या गवताने खडकाळ जमिनीतून ओढून घेतलेले पोषकद्रव्य मेंढीच्या पोटातून ज्वारीच्या शेतात, आणि कित्येकदा घाट उतरून कोकणातल्या भातखाचरांत पोहोचते. महसुली हिशेबात जी जमीन काहीच पिकवत नाही, ती अशा रीतीने शेजारच्या पिकाला खत पुरवीत असते. गुंथर सोनथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपल्या १९७६ च्या ग्रंथात धनगरांच्या ओव्यांचा जो अभ्यास केला, तो या चक्राचाच सांस्कृतिक नकाशा आहे असे म्हणता येईल, जरी त्यांनी तो त्या हेतूने काढला नव्हता. या ओव्यांत माळ उजाड नाही. तो देवांच्या भटकंतीचा आणि कळपांच्या भरभराटीचा प्रदेश आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला खरा रस वाटावा तो पुराव्याच्या पद्धतीत. कवीने झाडाचे नाव घेतले म्हणजे ते झाड तेथे होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. महाकाव्यपरंपरेतील वनवर्णन हा एक रूढ संकेत आहे. त्यात समुद्रकाठचा नारळ आणि हिमालयातला देवदार एकाच ओळीत नांदू शकतात. पंडित कवींच्या आख्यानकाव्यांतील उपवने याच जातीची. त्यांच्यावरून दख्खनच्या वनस्पतींची यादी करणे व्यर्थ आहे. याउलट म्हाइंभटाचे लीळाचरित्र, किंवा चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने नोंदवणारी स्थानपोथी, यांचा हेतूच स्थळाची खूण अचूक जतन करण्याचा आहे. देव कोठे बसले, कोणत्या झाडाखाली, देवळाच्या कोणत्या दिशेला, हे भक्ताच्या दृष्टीने तत्त्वज्ञानाइतकेच महत्त्वाचे. अशा गद्यात झाड अलंकार म्हणून येत नाही, पत्ता म्हणून येते. म्हणूनच त्याची साक्ष अधिक विश्वासार्ह.

चमत्कारकथांचेही काही अंशी असेच आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने पंढरपुरी विठ्ठलाच्या पायी देह ठेवला आणि तेथे तरटीचे झाड उगवले, अशी परंपरा आहे. मंदिरात ते झाड दाखवले जाते. इतिहासकार या कथेतील चमत्कार बाजूला ठेवील, भक्त तोच हृदयाशी धरील. परिस्थितिविज्ञानाला दोघांनीही दुर्लक्षिलेला तपशील हवा आहे. कथा रचणाऱ्याला कल्पवृक्ष किंवा चंदन सुचणे सहज शक्य होते. त्याला सुचली ती कोरड्या, उघड्या माळावरची एक काटेरी तरटी. भाविकाच्या कल्पनेलाही भोवतालच्या भूमीची मर्यादा असते, आणि ती मर्यादाच येथे पुरावा ठरते.

अर्थात २८ उल्लेख हा काही मोठा संग्रह नव्हे. यात्रामार्गांवरच्या स्थळांचे प्रमाण त्यात स्वाभाविकच अधिक राहणार, आणि लोकगीतांच्या कालनिश्चितीची अडचण तर सर्वश्रुत आहे. एकट्या वाङ्मयावर हा निष्कर्ष उभा असता तर तो डळमळीत ठरला असता. तो अन्य पुराव्यांशी जुळतो म्हणून त्याचे मोल. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे, नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच मिळाले आहे; शहामृग हा मोकळ्या मैदानाचा पक्षी. उपखंडाच्या वायव्येला शिवालिक टेकड्यांच्या गाळातील पुरावा तर उष्णप्रदेशीय गवतांचा विस्तार सत्तर-ऐंशी लाख वर्षे मागे नेतो. त्या कालगणनेत मनुष्याची कुऱ्हाड कोठेच बसत नाही. तरी प्रत्येक उघडा माळ निसर्गसिद्धच असतो असे नव्हे. अतिचराईने व खाणींनी बिघडलेले माळही पुष्कळ आहेत, आणि त्यांची दुरुस्ती आवश्यकच आहे. मात्र ती गवताची दुरुस्ती असावी लागेल.

अन्य भारतीय भाषांत असा शोध अद्याप फारसा झालेला नाही. तमिळ संगम काव्याची ऐंतिणै व्यवस्था भूमीचे पाच प्रकार मानते. त्यांतील मुल्लै हा पशुपालकांचा प्रदेश, आणि उन्हाने करपलेल्या मुल्लै-कुरिंजींचे पालै होते असे शिलप्पदिकारम् सांगते. ही कल्पना परिस्थितिविज्ञानाच्या फार जवळची आहे. पण ती एका सुघटित काव्यशास्त्राचा भाग असल्याने तिच्याकडून स्थळाची साक्ष घेताना मराठी गद्यापेक्षा दुप्पट सावधगिरी बाळगावी लागेल. कन्नडमधील मलेनाडु आणि बयलुसीमे हा भेद, गुजरातीतील ‘वीडी’, राजस्थानीतील ‘ओरण’ यांच्याभोवतीचे मौखिक साहित्य कदाचित अधिक फलदायी ठरेल.

या कामात संहितासंपादकांना एक जुनी सवय सोडावी लागेल. शब्दसूचीत वनस्पतीचे नाव आले की ‘एक प्रकारचे झाड’ एवढा अर्थ देऊन पुढे जाण्याचा प्रघात आहे. पाठभेदांतही, अनोळखी झाडाच्या नावाऐवजी लेखनिकाने ओळखीचे नाव घातले असल्यास, तो फरक किरकोळ समजून तळटीपेतूनही गाळला जातो. विदर्भातल्या लेखनिकाने नगरकडच्या झाडाचे नाव बदलले, तर बदललेले नाव विदर्भाच्या भूमीची साक्ष देते आणि मूळ नाव नगरच्या. म्हणून दोन्ही पाठ, हस्तलिखिताच्या स्थळकाळासह, छापले गेले पाहिजेत.