रंग चढण्याआधी

मोटार बिघडली की माणूस एकटा पडतो; पण मोटार ठोकली गेली की सारा गाव सल्ला द्यायला धावतो. इंजिनातून टकटक आवाज येतो म्हणावे, तर शेजारी सहानुभूतीने मान हलवून आपल्या कामाला लागतात. दाराला पोचा पडला की मात्र सोसायटीच्या रखवालदारापासून मेहुण्यापर्यंत प्रत्येकाकडे एक ठाम पत्ता तयार असतो. यात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, ‘विमा आहे ना? मग कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये टाका.’ दुसरा म्हणतो, ‘तिथे कापतील तुम्हाला. आमचा एक माणूस आहे, निम्म्या पैशात नव्यासारखी करून देईल.’

गेली पंचवीसेक वर्षे मी हे दोन्ही सल्ले ऐकतो आहे आणि प्रसंगानुसार दोन्ही वाटांनी गेलोही आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ‘कंपनी की गल्ली’ हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी विचारायचे ते ‘नेमके मोडले काय आहे?’ आणि मग ‘रंगाखाली जे कायमचे झाकले जाणार, त्याची जबाबदारी कोण घेणार?’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पत्ता आपोआप सापडतो.

फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात हा घोळ नव्हता. पत्रा जाड होता, बंपर लोखंडाचे होते आणि नवा भाग मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा जुना सरळ करणे सोपे होते. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांवर ठोके पडत. डेंटरची कला ही त्याच घराण्यातली. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्यामागे धरलेला लोखंडी ठोकळा, आणि मधे पत्रा. चांगला डेंटर डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवी. हात फिरवला की कुठे उंचवटा राहिला ते त्याला कळे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पत्रा पातळ झाला आणि या हाताला नवी सवय लावून घ्यावी लागली. पुढे अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, आणि ज्या गाड्यांवर ही विद्या घडली त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या.

आजच्या गाडीचा स्वभाव वेगळा आहे. तिची पुढची आणि मागची बाजू टक्कर झाल्यावर चुरगळावी अशीच बनवलेली असते. धक्क्याची ताकद त्या चुरगळण्यात खर्ची पडते आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. त्यासाठी एकाच गाडीत निरनिराळ्या ताकदीचे पोलाद वापरतात. दारांमधल्या खांबाचे पोलाद आणि बॉनेटचा पत्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बॉनेट ठोकून सरळ केले तर फारसे बिघडत नाही. पण तो खांब किंवा पुढच्या चाकांजवळचे लांब दांडे, ज्यांना गॅरेजवाले ‘लेग’ म्हणतात, ते गॅसच्या ज्योतीवर तापवून ओढले तर पोलाद मऊ पडते. दिसायला सारे सरळ असते, फक्त पुढच्या टकरीत ते ठरल्याप्रमाणे वागत नाही. प्लास्टिकच्या बंपरचेही तेच. वरून नुसता ओरखडा दिसतो, आतली लोखंडी पट्टी वाकलेली असते. शिवाय बंपरमध्ये आता सेन्सर असतात आणि काही गाड्यांत काचेमागे रस्ता ‘पाहणारा’ कॅमेरा. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

भारत एनकॅप ही आपली गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी २०२३ पासून सुरू झाली आणि लोक गाडी घेताना तारे मोजू लागले. चांगलेच आहे. पण ते तारे नव्या गाडीला मिळतात. ठोकून सरळ केलेल्या गाडीला कोणी तारे देत नाही. तिचे तारे दुरुस्त करणाऱ्याच्या हातात असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीला एका टेम्पोने पुढून, डाव्या कोपऱ्यावर धडक दिली. बंपर फाटला, दिवा गेला, फेंडर दबला. बघायला फार नव्हते. मी गाडी घेऊन आमच्या भागातल्या जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी बंपर सोडवला, बॉनेट उघडले, बॅटरी घेऊन आत डोकावले आणि उठून हात पुसले. ‘साहेब, लेग हलला आहे. हे माझं काम नाही. ज्याच्याकडे गाडी बांधून मोजून ओढायचं मशीन आहे, त्याच्याकडे न्या. मी केलं तर तुम्हाला दिसणार नाही, पण मला माहीत असेल.’ गाडी बांधून, मापे घेऊन ओढण्याचा तो बाक मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. तिथे काम झाले, नीट झाले, आणि पैसेही तसेच लागले. त्या दिवसापासून मी गॅरेजची पारख एका गोष्टीवरून करतो : हा माणूस कुठले काम नाही म्हणून सांगतो? सर्वच कामे घेणारा माणूस मला धोक्याचा वाटतो, मग त्याच्या दारावर पाटी कुठलीही असो.

याच्या उलटही घडते. पुढे एकदा मागच्या चाकावरच्या भागाला, म्हणजे क्वार्टर पॅनलला, पोचा आला. एका अधिकृत वर्कशॉपने अख्खे पॅनल कापून नवे बसवण्याचे एस्टिमेट हातात ठेवले. दार किंवा फेंडर बोल्टवर असतो. तो बदलणे म्हणजे खिडकीचा पडदा बदलणे. क्वार्टर पॅनल हे घराच्या भिंतीसारखे असते. ते कापायचे म्हणजे कारखान्यातले वेल्डिंग तोडायचे, तिथला गंजरोधक थर घालवायचा आणि पुन्हा जोडायचे. पावसाळ्यात गंज नेमका अशाच सांध्यांतून शिरतो. तिथल्या सल्लागार मुलाला मी विचारले, ‘पत्रा काढता येणार नाही का?’ तो म्हणाला, ‘सर, आमच्याकडे आता एवढं काढणारा माणूस नाही. आणि विम्यातून होतंय, तुमचं काय जातंय?’ मी गाडी परत घेतली. उस्तादांनी दोन दिवसांत आतून पत्रा उचलला, लांबी पातळ हाताने लावली आणि कारखान्याचे सांधे जसेच्या तसे राहिले.

‘तुमचं काय जातंय’ या वाक्याचा हिशेब एकदा मांडूनच पाहावा. प्रचलित पॉलिसींत धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो ३५ टक्के असतो. प्लास्टिक आणि रबर यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. काचेवर काही नाही. वर लहान गाडीला १,००० रुपये आणि १,५०० सीसीच्या पुढच्या गाडीला २,००० रुपये दर दाव्याला आपण द्यायचे. ‘झिरो डेप’ घेतले असेल तर घसारा वाचतो, पण बोनस वाचतोच असे नाही. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० टक्के होतो आणि एका दाव्याने शून्यावर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये धरा. ५० टक्क्यांवर असलेल्या माणसाने दावा केला, तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त, मग ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० : पुन्हा जागेवर येईपर्यंत एकूण १२,५०० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, म्हणून खरा आकडा याहून कमी येईल. पण सात-आठ हजारांच्या पोच्यासाठी विम्याकडे धावणे शहाणपणाचे नाही, एवढे त्यावरून कळते. बोनस राखण्याची वेगळी जोड घेतली असेल तर गणित बदलते, तेही पॉलिसीत पाहून ठेवावे.

आणखी एक बदल या विम्याने केला आहे. ‘कॅशलेस’मध्ये पैसे विमा कंपनी देते. त्यामुळे वर्कशॉपचे लक्ष गाडीच्या मालकापेक्षा सर्व्हेअरच्या मंजुरीकडे अधिक असते. मंजूर झाले ते बदलले, नामंजूर झाले ते तसेच झाकले, असा प्रकार होऊ शकतो. मोठे नुकसान असेल तर कॅशलेसची सोय मोलाची आहे, यात शंका नाही; हजारो रुपये खिशातून घालून परताव्याची वाट बघणे सर्वांना परवडत नाही. मात्र विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून नंतर पैसे मागण्याचा मार्गही असतो. अट एकच : आधी कळवायचे, पाहणी होऊ द्यायची आणि मगच हातोडी लावायची.

बाहेर काम केले की वॉरंटी गेली, ही भीतीही हमखास घातली जाते. याबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध मोठा निकाल दिला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल त्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे आयोगाने बजावले. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. तरी ग्राहकाच्या दृष्टीने मुद्दा स्पष्ट झाला : दाराला रंग बाहेर लावला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी का जावी? रंगाची आणि गंजाची वॉरंटी मात्र त्या भागापुरती जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

रंगाचेही एक शास्त्र आहे. कारखान्यात सुटी बॉडी सुमारे १४० अंशांवर भाजतात. तयार गाडीत वायरी, प्लास्टिक, गाद्या असतात, म्हणून दुरुस्तीचा रंग साधारण ६० अंशांवर सुकवतात. म्हणजे मूळ रंग पुन्हा मिळत नाही, तो जितका वाचवता येईल तितका वाचवावा. पांढरा रंग तसा सोपा. चंदेरी आणि मोतिया छटांत खरी परीक्षा. तिथे चांगला पेंटर शेजारच्या दारावरही रंग विरळ करत नेतो, तेव्हा सांधा दिसत नाही. यासाठी धूळ नसलेली बंद खोली लागते. नाना पेठेत सुटा भाग स्वस्त मिळेल, कुर्ल्यात जुने दारही मिळेल. पण रस्त्याच्या कडेला फवारलेल्या रंगात रस्त्याची धूळ फुकट मिळते.

म्हणून माझा नियम साधा आहे. बोल्टवरचा भाग, छोटा पोचा, ओरखडा : हाताची कला असलेला माणूस शोधावा. लेग, खांब, एअरबॅग, सेन्सर : जिथे मापे घेण्याचे यंत्र आणि कंपनीची माहिती आहे तिथेच जावे, मग खर्च होवो. आणि दोन्हीकडे तीन गोष्टी मागाव्यात : लेखी एस्टिमेट, बदललेले जुने भाग डोळ्यांनी पाहणे, आणि प्रायमर लागण्याआधी गाडी बघण्याची परवानगी. ही तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. लांबी किती जाड आहे, वेल्डिंग कसे आहे, गंज झाकला की खरवडला, हे त्या अर्ध्या दिवसातच दिसते. ‘या की, उद्या सकाळी या’ म्हणणारा माणूस आणि ‘गाडी तयार झाल्यावर फोन करू’ म्हणणारा माणूस यांच्यातला फरक कुठल्याही पाटीपेक्षा बोलका असतो.

गाडी आपल्याकडे पाच-सात वर्षे राहते, मग दुसऱ्याकडे जाते. एखादा नवा संसार थाटलेला तरुण ती घेतो, पुढे बायको आणि मागे मूल बसवून गावाला निघतो. त्याला आपण चकचकीत रंग दाखवलेला असतो. रंगाखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ते कळण्याची वेळ त्याच्यावर कधी येऊ नये. आली, तर तिथे प्रामाणिक काम असावे.