धावमार्गावरील मसल कारसाठी कडक स्प्रिंगची निवड : एक यांत्रिकी विवेचन

प्रस्तावना :

अमेरिकेच्या मोटारउद्योगाच्या इतिहासात १९६० चे दशक 'मसल कार' या वाहनप्रकारासाठी ओळखले जाते. मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त दोन-दारी मोटारीत मोठ्या क्षमतेचे आठ सिलिंडरचे इंजिन बसविणे ही या प्रकारामागील मूळ कल्पना होय. १९६४ मध्ये आलेली पाँटिअॅक जीटीओ हे या प्रकाराचे ठळक आरंभीचे उदाहरण मानले जाते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्ड कंपनीची मस्टँग बाजारात आली आणि १९६७ च्या मॉडेलपासून शेव्हरोलेची कॅमॅरो तिची प्रतिस्पर्धी ठरली. या दोन मोटारी काटेकोर व्याख्येने वेगळ्या वर्गात मोडत असल्या, तरी व्यवहारात त्यांची गणना मसल कारमध्येच होते. सरळ रस्त्यावर वेग घेणे हा या मोटारींचा स्वभाव; वळण घेणे हा त्यांचा कच्चा दुवा. त्यामुळे अशी मोटार वळणांच्या शर्यतमार्गावर नेऊ इच्छिणारा मालक प्रथम तिच्या स्प्रिंगा बदलण्याचा विचार करतो आणि 'जितकी स्प्रिंग कडक, तितकी मोटार चांगली' असा सोपा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष अर्धसत्य आहे. कडक स्प्रिंग नेमके काय साधते, काय साधत नाही आणि तिची निवड कोणत्या गणिताने करावी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्प्रिंगचे कार्य आणि ताठरतेची मोजणी :

रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये कूटाक्षरांच्या रूपात आणि १६७८ मध्ये उघडपणे मांडलेला नियम सर्वपरिचित आहे. स्प्रिंगचे आकुंचन वा प्रसरण तिच्यावरील बलाच्या समप्रमाणात असते. एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे बल म्हणजे त्या स्प्रिंगची ताठरता. अमेरिकी व्यवहारात ती पौंड प्रति इंच या एककात सांगतात. एक पौंड प्रति इंच म्हणजे सुमारे ०.१७५ न्यूटन प्रति मिलिमीटर.

वेटोळ्याच्या स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या समप्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या आणि कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तारेचा व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढविला, तर ताठरता सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच दोन स्प्रिंगा डोळ्यांना सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या ताठरतेत मोठा फरक असू शकतो. याच सूत्रावरून स्प्रिंगचा एखादा वेढा कापून मोटार खाली बसविण्याच्या प्रथेतील दोषही लक्षात येतो. आठ कार्यरत वेढ्यांपैकी एक कापल्यास ताठरता जेमतेम १४ टक्के वाढते; मात्र मोटारीची उंची त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात घटते आणि कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. म्हणजे गरज वाढते कडकपणाची आणि हाती लागते केवळ उंचीतील घट.

स्प्रिंग आणि चाक यांतील अंतर :

निवड करताना सर्वाधिक चुका ज्या ठिकाणी होतात ते ठिकाण म्हणजे स्प्रिंगची ताठरता आणि चाकाला प्रत्यक्ष जाणवणारी ताठरता यांतील भेद. पुढील निलंबनात स्प्रिंग चाकावर नसून आडव्या भुजेच्या मध्यभागी कोठेतरी टेकलेली असते. चाक १० मिलिमीटर वर गेले असता स्प्रिंग ६ मिलिमीटर दबत असेल, तर चलनगुणोत्तर ०.६ झाले. तरफेच्या नियमाने बल आणि विस्थापन या दोहोंवर या गुणोत्तराचा परिणाम होत असल्याने त्याचा वर्ग घ्यावा लागतो. ०.६ चा वर्ग ०.३६, अर्थात १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाशी केवळ ३६ न्यूटन प्रति मिलिमीटर इतकीच उरते. त्यामुळे एका मोटारीसाठी योग्य ठरलेला आकडा दुसऱ्या रचनेच्या मोटारीस जसाच्या तसा लावणे निरर्थक होय.

जुन्या मस्टँग व कॅमॅरोच्या मागील बाजूस अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. मालमोटारींमुळे 'पाटे' आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहेत. दोन्ही मागची चाके एकाच वेळी उचलली गेली, तर पाट्याची ताठरता जवळपास पूर्ण मिळते; परंतु मोटार वळणावर कलते तेव्हा तसे होत नाही. दोन पाट्यांमधील अंतर १.१ मीटर व दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असेल, तर कलण्याविरुद्ध पाट्यांचा प्रभाव या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे ५४ टक्केच राहतो.

नैसर्गिक वारंवारता : तुलनेचा खरा मानदंड :

वेगवेगळ्या वजनांच्या मोटारींची तुलना ताठरतेच्या आकड्यांनी करता येत नाही. ती नैसर्गिक वारंवारतेने करता येते. स्प्रिंगवर तोललेले वस्तुमान एका सेकंदात स्वाभाविकपणे जितकी आंदोलने करते ती ही वारंवारता. ब्रिटिश अभियंता मॉरिस ऑली याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये या विषयाचा पायाभूत अभ्यास केला. पुढील स्प्रिंगांची वारंवारता मागील स्प्रिंगांपेक्षा किंचित कमी ठेवल्यास मोटार खड्ड्यावरून जाताना डोलत नाही, हे तत्त्व त्याच्या कार्यातून रुजले. हे तत्त्व प्रवाशाच्या सुखासाठी आहे. शर्यतमार्गावर ते बंधनकारक नाही. किंबहुना मागील चाकांना इंजिनाची शक्ती रस्त्यावर उतरवावयाची असल्याने मसल कारमध्ये मागील बाजू तुलनेने मऊ ठेवणे अनेकदा हितावह ठरते.

सर्वसाधारण प्रवासी मोटारीची वारंवारता सुमारे १ ते १.५ हर्ट्झ असते. रस्ता व ट्रॅक अशा दुहेरी उपयोगाच्या मोटारीसाठी ती १.५ ते २, तर केवळ शर्यतीच्या, हवेच्या दाबाचा विशेष उपयोग न करणाऱ्या मोटारीसाठी २ ते २.५ हर्ट्झच्या आसपास ठेवली जाते.

एक उदाहरण घेऊ. १६०० किलो वजनाच्या मोटारीचा ५४ टक्के भार पुढील चाकांवर आहे असे मानल्यास प्रत्येक पुढील चाकावर ४३२ किलो येतात. चाक, ब्रेक इत्यादींचे ५२ किलो वजा जाता स्प्रिंगवर तोललेले वस्तुमान ३८० किलो उरते. १.३ हर्ट्झसाठी चाकाशी सुमारे २५ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठरता लागते, १.८ हर्ट्झसाठी ती ४८.६ होते. चलनगुणोत्तर ०.६ असल्यास प्रत्यक्ष स्प्रिंग पहिल्या स्थितीत सुमारे ७०, तर दुसऱ्या स्थितीत १३५ न्यूटन प्रति मिलिमीटर असावी लागेल. म्हणजेच ४०० वरून ७७० पौंड प्रति इंच. वारंवारतेतील वाढ दीडपटीहूनही कमी, पण स्प्रिंगची ताठरता जवळजवळ दुप्पट, ही बाब येथे लक्षणीय आहे.

याच गणितातून आणखी एक निष्कर्ष निघतो. मोटार स्थिर उभी असता तिच्या भाराने होणारे चाकापाशीचे आकुंचन १.३ हर्ट्झला १४.७ सेंटिमीटर, तर १.८ हर्ट्झला ७.७ सेंटिमीटर असते. मूळ लांबीचीच कडक स्प्रिंग बसविली, तर मोटार खाली येण्याऐवजी सुमारे ७ सेंटिमीटर वर उचलली जाईल. म्हणून ताठरतेबरोबरच स्प्रिंगची मुक्त लांबीही नव्याने ठरवावी लागते.

कडक स्प्रिंग काय साधत नाही :

वळणावर आतील चाकांवरील भार बाहेरील चाकांवर जातो. हा एकूण भार मोटारीचे वजन, वळणाचे त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील अंतर यांवर अवलंबून असतो. वरील मोटार ०.९ जी त्वरणाने वळत असेल, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर आणि चाकांमधील अंतर १.५ मीटर असेल, तर सुमारे ४८० किलो भार स्थलांतरित होतो. या हिशेबात स्प्रिंगला स्थानच नाही. कडक स्प्रिंगमुळे मोटार कमी कलते; भाराचे एकूण स्थलांतर मात्र जवळपास तेवढेच राहते.

स्प्रिंगने बदलते ती या भाराची पुढे-मागे होणारी वाटणी. जी बाजू अधिक ताठर, ती स्थलांतरित भाराचा अधिक वाटा उचलते. टायरवरील भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या बाजूच्या दोन चाकांमध्ये भाराची विषमता अधिक, त्या बाजूची एकत्रित पकड घटते. केवळ पुढील स्प्रिंगा कडक केल्यास मोटार वळणात बाहेर सरकू लागते. केवळ मागील कडक केल्यास शेपटी सुटण्याचा धोका वाढतो. मोठ्या इंजिनाच्या, मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारीत हा दुसरा धोका चालकाच्या जिवाशी संबंधित आहे. म्हणून स्प्रिंगा चारही चाकांचा एकत्रित विचार करूनच निवडाव्यात.

कडक स्प्रिंग काय साधते :

मग कडक स्प्रिंगचा लाभ कोणता? मुख्य लाभ टायरच्या बैठकीचा आहे. मोटार कलली की पुढील बाहेरचे चाकही बाहेर कलते आणि टायरचा पूर्ण तळ रस्त्याला टेकत नाही. १९६० च्या दशकातील निलंबनरचनांत हा दोष विशेष होता. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० या मस्टँगच्या शर्यती आवृत्तीत वरच्या भुजेची बैठक सुमारे एक इंच खाली आणण्यात आली, ती हा दोष कमी करण्यासाठीच. यावरून असे दिसते की, भूमितीतील दोष सुधारला तर तितकीच पकड तुलनेने मऊ स्प्रिंगवरही मिळू शकते. याखेरीज ब्रेक लावताना मोटारीचे नाक कमी झुकते, तसेच खाली बसविलेल्या मोटारीत उरलेल्या अपुऱ्या चालीत निलंबन तळाला आदळण्याचे टळते.

याची दुसरी बाजू अशी की, स्थिर आकुंचनच कमी झाल्याने चाकास खाली जाण्यासही कमी वाव उरतो. वळणातून बाहेर पडताना आतील मागचे चाक लवकर हलके होते. अखंड आसेच्या मोटारीत इंजिनाच्या पिळाची प्रतिक्रिया मागील उजवे चाक मुळातच हलके करीत असते. त्यात अतिकडक पाट्यांची भर पडल्यास ते चाक जागीच फिरू लागते. पिळामुळे पाटा वाकून आस थरथरणे हा याच रचनेचा आणखी एक दोष होय. १९६७ च्या कॅमॅरोतील एकपाती पाट्यांमध्ये तो प्रकर्षाने दिसला. १९६८ मध्ये एक शॉक अॅब्सॉर्बर आसेच्या पुढे व दुसरा मागे बसवून, तसेच अधिक शक्तीच्या आवृत्त्यांत अनेकपाती पाटे देऊन त्यावर उपाय करण्यात आला.

शॉक अॅब्सॉर्बरची साथ :

स्प्रिंग ऊर्जा साठविते. ती विरविण्याचे कार्य शॉक अॅब्सॉर्बरचे. आवश्यक अवमंदन ताठरतेच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात वाढते. वरील उदाहरणात ताठरता १.९२ पट झाल्याने पूर्वीइतकाच परिणाम साधण्यासाठी अवमंदन सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले पाहिजे. जुनेच शॉक अॅब्सॉर्बर ठेवल्यास मोटार प्रत्येक उंचवट्यावर उसळते आणि उसळत्या टायरला पकड नसते. स्प्रिंगांवर पैसा खर्च करून शॉक अॅब्सॉर्बरची काटकसर करणे म्हणजे पहिला खर्चही वाया घालविणे होय.

टायरचे स्थानही विसरता येत नाही. टायर जितका चिकट तितके वळणातील त्वरण अधिक आणि तितकेच कलणेही अधिक. शर्यतीच्या टायरसाठी योग्य असलेली स्प्रिंग साध्या टायरवर अनावश्यक कडक ठरते. म्हणून आधी टायर आणि मग स्प्रिंग, हा क्रम तर्कशुद्ध आहे.

मोजमापाची परंपरा :

१९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-अॅम शर्यतमालिकेने या मोटारींना वळणांच्या मार्गावर आणले. या मालिकेत १९६८ साली रॉजर पेन्स्के यांच्या संघाची कॅमॅरो चालविणाऱ्या मार्क डोनोह्यू याने १३ पैकी १० शर्यती जिंकल्या. डोनोह्यू हा यांत्रिकी अभियांत्रिकीचा पदवीधर होता आणि मोजून, पडताळून मोटार सुधारण्याबद्दल त्याची ख्याती होती. ज्यांची ओळख केवळ अश्वशक्तीशी जोडली गेली, त्या मोटारीही अखेर अभ्यासपूर्ण जुळणीनेच वळणे जिंकू लागल्या, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१. स्प्रिंगची निवड ताठरतेच्या आकड्यावरून न करता प्रत्येक चाकावरील भार व चलनगुणोत्तर मोजून, इष्ट वारंवारतेवरून करावी.

२. कडक स्प्रिंग एकूण भारस्थलांतर कमी करीत नाही. ती कलणे कमी करते व भाराची पुढे-मागे वाटणी बदलते.

३. मुक्त लांबी, निलंबनाची चाल, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर यांचा विचार स्प्रिंगबरोबरच व्हावा.

४. मागील चाकांची पकड राखण्यासाठी मसल कारची मागील बाजू गरजेपेक्षा कडक करू नये.

५. प्रत्यक्ष चाचणीत एका वेळी एकच बदल करून फेरीचा वेळ व टायरचे तापमान यांची नोंद ठेवावी.

सारांश, टायरला रस्त्यावर नीट टेकवून ठेवण्यास पुरेशी, परंतु त्याला रस्त्यापासून उचलणार नाही इतकीच कडक स्प्रिंग ही योग्य स्प्रिंग होय. अकरावी-बारावीच्या वर्गात शिकविला जाणारा हूकचा नियम आणि आंदोलनाचे सूत्र एवढ्या सामग्रीवर ही निवड बव्हंशी करता येते. पाठ्यपुस्तकातील सूत्र आणि वेगाने वळणाऱ्या माणसाची सुरक्षितता यांचा इतका थेट संबंध क्वचितच आढळतो. म्हणून अध्यापनातही या उदाहरणाचा उपयोग करून घेणे उचित ठरेल.