साबुदाण्याएवढा उजेड!

एक कोडं सोडव बरं!

टेबलावर दोन दुर्बिणी आहेत. एक मोठी, जाडजूड, गळ्यात अडकवली की मान अवघडेल अशी. दुसरी छोटुकली, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात सहज मावणारी. दोन्हींची भिंगं चांगली आणि दोन्ही आठपट मोठं दाखवणाऱ्या. आता भर दुपारी, लख्ख उन्हात, तळ्याकाठच्या फांदीवर बसलेला खंड्या बघायचाय. कोणत्या दुर्बिणीतून तो जास्त उजळ दिसेल?

मोठीतून? अंहं! दोन्हींतून जवळजवळ सारखाच दिसेल!

खोटं वाटतंय ना? चल, शोधून काढू.

दुर्बिणीवर दोन आकडे छापलेले असतात. ८×२१, १०×२५, ८×४२, असे काहीतरी. लगेच गुणाकार करून १६८ म्हणू नकोस हं! हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला आकडा म्हणजे किती पट. आठ असेल तर ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर येऊन बसल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. कंपासपेटीतली पट्टी लावून मोजूनसुद्धा बघता येईल!

आपली छोटी दुर्बीण ८×२१ ची आणि मोठी ८×४२ ची. २१ च्या दुप्पट ४२. मग ४२ च्या भिंगातून उजेड दुप्पट येत असेल? नाही, चौपट! कारण भिंग रुंदीलाही दुप्पट वाढलं आणि उंचीलाही. आता तर कोडं आणखी अवघड झालं. चौपट उजेड आत येतो, तरी खंड्या तेवढाच उजळ! मग उरलेला उजेड जातो कुठे?

उत्तर तुझ्याच डोळ्यात आहे. संध्याकाळी अंधुक खोलीत आरशासमोर उभं राहा. डोळ्याच्या मधोमध एक काळा ठिपका दिसेल, ती डोळ्याची बाहुली. उजेड तिथूनच आत शिरतो. आता कुणाला तरी दिवा लावायला सांग. बघ, बघ! बाहुली झर्रकन आक्रसली! अंधारात ती ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होऊ शकते आणि कडक उन्हात जेमतेम २-३ मिलिमीटर उरते.

दुर्बिणीच्या मागच्या बाजूने उजेडाची एक बारीकशी धार बाहेर पडते. ती किती जाड, हे काढायला साधा भागाकार पुरतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भाग. २१ भागिले ८ म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. आता अरुंद तोंडाच्या बाटलीत पातेल्यातून दूध ओतताना काय होतं ते आठव. धार जाड झाली की तोंडात मावेल तेवढंच दूध आत जातं, बाकीचं ओट्यावर! दुपारी तुझी बाहुली असते अडीच मिलिमीटरची. मोठ्या दुर्बिणीची जाड धार तिच्यात मावतच नाही. उरलेला उजेड बाहुलीच्या बाहेरच पडतो. छोटीची धार मात्र बरोबर मापाची!

ही धार डोळ्यांनी बघायचीय? दुर्बीण हातभर लांब धर आणि मोकळ्या आभाळाकडे रोख. सूर्याकडे मात्र अजिबात नाही! डोळे लावायच्या भिंगांत दोन लखलखीत गोल तरंगताना दिसतील. ८×२१ चे गोल साबुदाण्याएवढे, ८×४२ चे मसुराएवढे. आख्खं झाड, त्यावरचा खंड्या, मागचं आभाळ, सगळं त्या साबुदाण्यातून तुझ्या डोळ्यात शिरतं!

मग मोठ्या दुर्बिणी हव्यातच कशाला? पहाटे आणि तिन्हीसांजेला! तेव्हा तुझी बाहुली मोठी झालेली असते, तिला मसुराएवढा गोलही हवाहवासा वाटतो. साबुदाण्याने तिचं भागत नाही, चित्र काळपट दिसतं. म्हणजे घुबड शोधायला निघालास किंवा निघालीस तर छोटी दुर्बीण हिरमोड करणार. सकाळी ऊन वर आल्यावरचे पक्षी मात्र तिचेच!

आता दुकानात जाऊ. काउंटरवर स्वस्तातल्या छोट्या दुर्बिणी मांडल्यात. ८×२१ घ्यावी की १०×२५? दहा म्हणजे आठापेक्षा जास्त, मग १०×२५ च बरी, असंच वाटेल. थांब! दुर्बीण पक्ष्याला दहापट मोठं करते, तशी तुझ्या हाताच्या थरथरीलाही दहापट करते! पक्षी चित्रात नाचायलाच लागतो. शिवाय पट वाढली की एका वेळी दिसणारा भाग सहसा लहान होतो, मग फांद्यांच्या गर्दीत पक्षी सापडता सापडत नाही. पहिल्या दुर्बिणीसाठी माझं मत आठलाच!

‘१०० पट झूम’ असं लिहिलेली इवलीशी दुर्बीण दिसली तर सरळ पुढे चल. १०० पटीची दुर्बीण हातात धरून काही दिसूच शकत नाही. लालभडक चमकणाऱ्या भिंगांनाही भुलू नकोस. ती भिंगं लाल रंगाचा उजेड बाहेर परतवतात, म्हणून तर लाल दिसतात! मग आतल्या चित्रात लाल कमी पडतो आणि खंड्याची लालचुटूक चोच फिकी पडते.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गंमत. एक भिंग हातभर लांब धरून त्यातून खिडकीबाहेर बघ. झाड उलटं! दुर्बिणीच्या पुढच्या भिंगातही जग असंच उलटं होतं. तरी आपल्याला खंड्या सरळ दिसतो, कारण आत काचेचे लोलक बसवलेले असतात. उजेड त्यांच्या भिंतींवर, कॅरमच्या स्ट्रायकरसारखा, टप्पे खात जातो आणि उलटं चित्र सुलटं होऊन बाहेर येतं.

पण काचेतून तर उजेड आरपार जातो ना? मग तो टप्पा कसा खाईल? पाण्याचा पेला हातात घे. डोळ्यांच्या वर उचल आणि बाजूने, खालून वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघ. अरेच्चा! पाण्याचं छत चक्क चांदीसारखं चमकतंय! आरसा नाही, मुलामा नाही, तरी आरसा! उजेड काचेतून किंवा पाण्यातून हवेकडे जाताना फार तिरका आला की बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परततो.

इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी लोलकांच्या अशा जोडीचं पेटंट १८५४ साली घेतलं. उजेड त्यात चार टप्पे खातो आणि चारही वेळा हीच पाण्याच्या छताची जादू! पोरोची दुर्बीण ओळखायची कशी? तिच्या नळ्या सरळ नसतात, मध्ये पायरी असते. छोट्या पोरो दुर्बिणीत तर पुढची भिंगं मागच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ असतात.

दुसरा प्रकार ‘रूफ’. तिच्या नळ्या सरळ, सडपातळ, घडी घालून खिशात! पण या छोट्या रूफ दुर्बिणींमधल्या नेहमीच्या लोलकात एका भिंतीवर ती जादू चालत नाही. उजेड निसटू नये म्हणून तिथे आरशाचा मुलामा द्यावा लागतो. भारी मुलामा महाग. स्वस्त मुलामा थोडा उजेड गिळतो. म्हणून एकाच किमतीच्या दोन स्वस्त दुर्बिणी असतील, तर चित्र बहुधा पोरोचंच जास्त स्वच्छ!

मग पोरोच घ्यायची? थांब, आधी डोळ्यांना लाव! मोठ्या माणसांच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं. तुझ्या बाहुल्या त्याहून जवळ असतील. बऱ्याच पोरो दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत. मग एका गोलाऐवजी दोन गोल दिसतात आणि डोकं दुखतं. दोन बिजागऱ्यांची छोटी रूफ मात्र छान मिटते. म्हणून ८-९ वर्षांच्या दोस्तांसाठी कित्येकदा तीच जिंकते. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल दिसायला हवा! चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर खाली दुमड, चष्मा काढायची गरज नाही.

घरी आणली की एकदा डोळ्यांशी जुळवून घे. उजवा डोळा मीट आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्वच्छ दिसू दे. मग डावा मीट आणि उजव्या भिंगाजवळची कडी फिरव. झालं! यापुढे फक्त मधलं चाक. ही कडी बहुतेक दुर्बिणींना उजवीकडेच असते.

आणि नियम एकच, पण पक्का. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा बघायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींचा. तेव्हा सकाळी ऊन खायला उंच शेंड्यावर बसलेला एक पोपटी, गुबगुबीत पक्षी शोध. तो तांबट! नजर त्याच्यावरून हलवू नकोस. कोपरं कठड्यावर टेकव आणि बघता बघताच दुर्बीण डोळ्यांपुढे आण. खाली बघून दुर्बीण शोधायला गेलं की पक्षी हरवलाच म्हणून समज!

दिसला? कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळा रंग, पाय लाल, चोचीभोवती राठ मिशा! आणि तो कधी टुक टुक टुक करताना सापडला, तर चोचीकडे बघ. बंद! प्रत्येक ‘टुक’ला फक्त गळा फुगतोय!