जुन्या मोटारीचा कंप : कारण कसें शोधावें

जुनी मोटार बाळगणाऱ्या पुष्कळांना एक तक्रार परिचयाची असते. शहरांत गाडी शांतपणें चालते. मोकळ्या रस्त्यावर वेगाचा कांटा ताशीं ६० किलोमीटरांजवळ आला, कीं स्टिअरिंग थरथरूं लागतें किंवा आसनाखालीं घरघर उठते. आणि वेग ८० च्या घरांत गेला, कीं तो सारा प्रकार आपोआप थांबतो. गाडी कारखान्यांत नेली म्हणजे एक मिस्त्री चाकांकडे बोट दाखवितो, दुसरा इंजिनकडे. टायर बदलतात, मग माउंटिंग, मग क्लच; पैसा जातो आणि कंप राहतो. येथें निदानापूर्वींच औषध सुरू झालेलें असतें. वास्तविक कंपाचें कारण बहुधा त्याच्या गतीवरून ओळखतां येतें. तें कसें, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

उदाहरणासाठीं आपल्या परिचयाच्या दोन गाड्या घेऊं. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होणारी अँबेसडर ही एक. आणि मुंबईंत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही दुसरी. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. परंतु हौशी लोकांजवळ दोन्ही गाड्या अजून आहेत. दोहोंत इंजिन पुढें आणि ओढ मागच्या चाकांना. इंजिनची शक्ति मागें पोंचविणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो; त्यालाच प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. म्हणजे फिरणारीं मंडळी तीन : इंजिन, शाफ्ट आणि चाकें. तिघांची गति मात्र सारखी नसते.

थोडा हिशेब करूं. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर. या गाड्यांच्या चाकाचा घेर टायरसह सुमारें २ मीटर भरतो. तेव्हां चाक मिनिटाला सुमारें ५००, म्हणजे सेकंदाला ८ हून थोडे अधिक फेरे घेतें. शाफ्ट चाकाच्या चौपटीहून कांहींसा अधिक जलद फिरतो. त्याचे फेरे सेकंदाला ३५ च्या आसपास होतात. सेकंदाला ८ हिसके हाताला वेगवेगळे जाणवतात. ३५ हिसके वेगळे राहत नाहींत. त्यांची एक घुमणारी घरघर होऊन ती पायांखालच्या पत्र्यांत आणि आसनांत भासते. एवढ्या एका फरकावरून अर्धे संशयित बाजूला काढतां येतात.

चाकाच्या कडेला एका बाजूस केवळ २० ग्रॅम वजन अधिक असलें, तर या वेगाला तें चाकाला सुमारें १ किलोग्रॅम भाराइतक्या जोरानें बाहेर ओढतें. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० ला तो पावणेदोनपटीवर जातो. मग त्या वेगाला कंप थांबतो कसा? झोपाळ्याला त्याच्याच तालांत हलके धक्के दिले तर तो उंच जातो. ताल चुकवून दिलेले जोराचे धक्के वायां जातात. चाक, स्प्रिंगा आणि स्टिअरिंगच्या दांड्या मिळून असाच एक झोपाळा होतो. कंप थांबला म्हणजे दोष गेला असें नव्हे. केवळ ताल चुकला. पावसाळ्यांत चाकाच्या आंतल्या बाजूस चिखल वाळून बसतो आणि त्याचें एखादें ढेकूळ २० ग्रॅमांहून सहज जड भरतें. म्हणून बॅलन्सिंगला पैसे मोजण्यापूर्वीं चाकें आंतून धुवून पाहावीं.

आतां कसोट्या. पहिली, गाडी उभी असतांना. न्यूट्रलमध्यें इंजिनची गति हळूहळू वाढवावी. तोच कंप येथेंहि आला, तर चाकें आणि शाफ्ट दोन्ही सुटलीं. इंजिनचे प्लग, पंखा, क्लच व कडक झालेलीं रबरी माउंटिंगें तपासावीं. दुसरी कसोटी मोकळ्या, सरळ रस्त्यावर घ्यावी. वरच्या गिअरमध्यें या गाड्यांचें इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनें फिरतात. तेव्हां दोघांपैकीं दोषी कोण तें कळत नाहीं. म्हणून तोच वेग तिसऱ्या गिअरमध्यें ठेवावा. आतां इंजिन अधिक जलद फिरतें, शाफ्ट व चाकें पूर्वींच्याच गतीनें. घरघर बदलली तर इंजिनकडे वळावें. जशीच्या तशी राहिली तर मागें पाहावें. तिसरी कसोटी अॅक्सिलरेटर सोडण्याची. भार देतांना येणारी आणि सोडतांच जाणारी थरथर शाफ्टच्या सांध्यांकडे किंवा मागच्या आंसाकडे बोट दाखविते. ब्रेक लावतांनाच कंप येत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाहीं असा संशय घ्यावा. धांवत्या गाडींत किल्ली मात्र कदापि फिरवूं नये.

शाफ्टच्या सांध्यांना कारखान्यांत 'क्रॉस' म्हणतात. सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती कार्दानो आणि सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांचीं नांवें या रचनेशीं जोडलेलीं आहेत. असा सांधा कोनांत फिरला, कीं त्याची दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यांत दोन वेळां जलद व दोन वेळां मंद होते. दुसऱ्या टोकाचा सांधा ही विषमता भरून काढतो. पण दोन्ही सांध्यांचे चिमटे एका रेषेंत असतील तरच. शाफ्ट सोडवून पुन्हां जोडतांना दोन दाते चुकले, तर नवे क्रॉस घालूनहि नवीच घरघर सुरू होते. म्हणून शाफ्ट सोडविण्यापूर्वीं दोन्ही भागांवर रंगाची खूण करवून घ्यावी.

कांहीं कंप मात्र चाचण्यांना वेळ देत नाहींत. काल नव्हता आणि आज एकाएकीं आला, असा कंप जाणवतांच गाडी बाजूला घेऊन प्रथम चाकांचे नट पाहावे. टायरला फुगवटा दिसला तर त्या टायरवर पुढें जाऊं नये. क्रॉस खिळखिळा झाला असेल तर तो तुटण्याची वाट पाहूं नये. पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचें टोक रस्त्यावर आपटतें.

या गाड्यांचें उत्पादन बंद झालें आहे; चांगला भाग चुकून काढून टाकला, तर तसा दुसरा मिळेलच असें नाहीं. म्हणून कारखान्यांत जाण्यापूर्वीं चार गोष्टी लिहून न्याव्या : कंप कोणत्या वेगाला येतो, कोणत्या गिअरमध्यें, भार देतांना कीं सोडतांना, आणि हाताला जाणवतो कीं आसनाला. एवढी टिपणी हातीं असली, म्हणजे मिस्त्रीला कोठें पाहावयाचें तें कळतें, आणि निर्दोष भागांवर पाना चालत नाहीं.